अनुभवाचा दाखला

"मिस्त्री हायेत का?"

सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. एरवी संतराम मिस्त्री खुर्चीतून न हलता नुसतं "बोला" म्हणायचे, आणि त्या एका शब्दात चाळीस वर्षांचा रुबाब असायचा. गिऱ्हाईक जळकी मोटार पायरीवर टेकवायचं, मिस्त्री वाकून तिचा वास घ्यायचे, मान हलवायचे आणि "परवा या" म्हणून हिरव्या पडद्याआड निघून जायचे. मोटार कशानं जळाली हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस कुरुंद्यापासून वसमतपर्यंत दुसरा नव्हता. निदान मिस्त्रींच्या तोंडून तरी दुसऱ्या कुणाचं नाव कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

आज मात्र पडदा बाजूला सारून मिस्त्रींच्या पत्नी द्वारकाबाई बाहेर आल्या. "आज घरातलं काम हाय. उद्या या," म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाचं तोंड पुरतं वळायच्या आत पडदा सोडून मोकळ्या झाल्या.

घरातलं काम म्हणजे एक फॉर्म होता. तो आज संध्याकाळी सहाच्या आत भरायचा होता, आणि त्याच्यापायी पडद्याआडच्या खोलीत सकाळपासून अख्खं घर गोळा झालं होतं.

हळद शिजवून अंगणात वाळत पडली होती. वर्षाची हळद न्यायला म्हणून लेक सेवा हिंगोलीहून आली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मुलगा स्वप्निल दारात उकिडवा बसून चपलेचा पट्टा उगाच ओढत होता. विहिरीतून मोटारी काढायचं, चढवायचं काम त्याचं. नात वैष्णवी पॉलिटेक्निकला दांडी मारून फॉर्मचे छापील कागद मांडीवर आणि फोन हातात घेऊन बसली होती. सून करुणा एवढ्या गर्दीतही खाली मान घालून मोटारीच्या खाचांत घालायचा कागद कातरीनं कापत होती, जणू या सगळ्याशी तिचा संबंधच नव्हता.

संबंध होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. शेतोशेती सौर पंप बसायला लागल्यापासून दुकानात जळक्या मोटारी निम्म्यावर आल्या होत्या. आता पंपाच्या एका कंपनीला तालुक्यात दुरुस्तीचं केंद्र नेमायचं होतं. जागा बघितली, हत्यारं बघितली, सगळं पसंत पडलं. अट राहिली एकच: दुकानात एक तरी प्रमाणपत्रवाला कारागीर पाहिजे. केंद्र मिळालं तर दुकान चालणार. नाही मिळालं तर पुढच्या दोन-तीन हंगामांत इथे हळदीची पोती ठेवावी लागणार, हे मिस्त्री सोडून सगळे बोलून दाखवत होते.

"एवढं कशाला डोकं खपवून राहिले?" स्वप्निल म्हणाला. "माझं आयटीआयचं सर्टिफिकेट हाय ना पेटीत. ते लावू भिंतीवर. कागद माझा, काम करुणाचं. समदीकडं असंच चालतं."

"बराबर," सेवा लगेच म्हणाली. भावाची बाजू घ्यायला तिला कारण लागत नसे. "वहिनीला कशाला उगीच परीक्षेची तकलीफ?"

"आत्या, ते सर्टिफिकेट येगळं, हे येगळं," वैष्णवी म्हणाली. "पप्पांनी आयटीआय पुरं केलं त्याचं ते. हे काम येतं का त्याचं हाय. परीक्षा घेणारा बाहेरून येतो. जळकी मोटार म्होरं ठिवतो आन उभा राहून बघतो. किती वेढे, कोणती तार, जोडणी बराबर हाय का, समदं. पास झालं की नंबर मिळतो. कंपनी तो नंबर टाकून बघती, तर फोटोसकट नाव येतं. भिंतीवर काय टांगलं हे कुणी बघत न्हाई."

"मंग शिकल की तो म्हैनाभरात," सेवा म्हणाली.

द्वारकाबाई हसल्या. पोटच्या लेकाला हसायला त्यांना जड जात नव्हतं. "याला? गेल्या साली मिक्सरची मोटार उघडली, तवापासून वाटण पाट्यावर करून राहिले मी."

स्वप्निलसुद्धा हसला. मनानं मोठा होता तो, आपल्या हातात कला नाही हे त्यानं विशीतच कबूल करून टाकलं होतं.

आता सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री याचीच वाट पाहत होते. टोपी सारखी करून ते म्हणाले, "मंग माझ्या नावानं भर. त्यात इचार काय करायचा?"

वैष्णवीनं कागद उलटसुलट केला. तिला आजोबांचा फार लळा होता, म्हणून ती पुढचं वाक्य सकाळपासून गिळत होती. "आबा, आठवी पास लागती."

"आन चाळीस वर्षं?"

"वर्षं मोजतेत. पण शाळा बी मोजतेत."

मिस्त्री चौथीपर्यंत शिकले होते. ते टेबलावरची पक्कड उचलून तिची तोंडं उघडझाप करत राहिले. ती पक्कड जलालुद्दीन उस्तादांची. वसमतच्या त्यांच्या दुकानात संतराम सात वर्षं राबले होते, जळकी तार काढून नवी भरत मोटार बांधायला शिकले होते. एके दिवशी उस्तादांनी दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली पाहिली, हातातलं काम ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून संतरामनं बांधलेली मोटार जळाली, तर बदनामी माझी." मग पक्कड त्यांच्या हातात दिली. परीक्षा तेवढीच, प्रमाणपत्र तेवढंच. ते कुठल्या यंत्रात नंबर टाकून दिसत नव्हतं, तरी पंचक्रोशीत कुणाला शंका आली नव्हती.

"आन किती दिवस चालतो तुझा त्यो कागद?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं. मंग पुन्यांदा नवा करावा लागतो."

"म्हंजी तीन वर्षांनी मानूस काम इसरतो का?"

"मानूस न्हाई इसरत आबा, मोटारी बदलतेत. आता बघा की, सौर पंपातली मोटार तुमी तरी कवा बांधली?"

हा घाव नेमका बसला. कारण ती मोटार बांधायला करुणा शिकली होती. फोनवर बघून, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा जमवून. मिस्त्री शेजारी बसून "असं न्हाई, असं न्हाई" म्हणत होते आणि ती "व्हय मामा, व्हय मामा" म्हणत तसंच करत होती.

"तर मंग ऱ्हायली मम्मी," वैष्णवी म्हणाली. "धावी पास हाय. अनुभव पाच वर्षांचा लागतो, तिचा धा वर्षांचा हाय. फकस्त दुकानाचं पत्र पायजे. अनुभवाचा दाखला. ते आबांनी द्यायचं."

कातरीचा आवाज थांबला. करुणानं मान वर केली नाही.

"देतो की," मिस्त्री म्हणाले. "घरच्या सुनेला न्हाई म्हनन का मी? आन इकडं."

त्यांनी चष्मा लावला, छापील कागद गुडघ्यावर घेतला आणि एकेक अक्षर कोरत लिहायला बसले. हे काम त्यांना मनापासून आवडलं. दुकानाचं नाव, संतराम मोटार रिवाइंडिंग. उमेदवाराचं नाव, करुणा स्वप्निल. पुढे हुद्दा असा रकाना होता. तिथे ते जरासे थांबले आणि लिहिलं, मदतनीस.

वैष्णवीनं खांद्यावरून वाचलं. "आबा, मदतनीस लिव्हलं तर खालच्या पायरीचा कागद मिळतो. कंपनीला वरच्या पायरीचा लागतो. कारागिराचा."

"मदत करती म्हून मदतनीस. खोटं लिव्हू का?"

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की मिस्त्रींनी लगबगीनं शिक्का शोधायला घेतला. गेल्या आठ वर्षांत या पडद्याआड त्यांनी एक मोटारही बांधली नव्हती. आधी मोतीबिंदू, तो निघाला तोवर हाताला कंप. ते वास घेत, दोष सांगत, गिऱ्हाइकाशी बोलत, आणि मोटार करुणा बांधत असे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बाहेर तसं म्हणत नव्हतं. एवढ्या वर्षांत ती एक रीतच होऊन गेली होती.

शिक्का नेहमीच्या जागी नव्हता. करुणाचा खाचांत घालायचा कागद ठेवायचा बिस्किटाचा डबा शेल्फवर होता, तो त्यांनी उघडला. वरच तीन पासपोर्ट फोटो होते. करुणा, डोक्यावर पदर, केस चापून बसवलेले, ओठ घट्ट मिटलेले. मागे वसमतच्या स्टुडिओचा शिक्का आणि गेल्या महिन्याची तारीख. गेल्या महिन्यात ती दात दुखतो म्हणून वसमतला गेली होती. आल्यावर मिस्त्रींनी स्वतः तिला लवंग दिली होती, आणि तिनं ती गुपचूप दाताखाली धरली होती.

त्यांनी डबा बंद केला. शिक्का त्यांच्याच खिशात निघाला.

"आन आबा," वैष्णवी चाचरत म्हणाली, "अजून एक हाय. पत्र देणारा नात्यातला असला तर नुसतं त्याचं चालत न्हाई. एका गिऱ्हाइकाची सही लागती. धा हॉर्सपॉवरच्या वरची मोटार उमेदवारानं सोता बांधली, असं त्यानं लिहून द्यायचं."

"धाच्या वरची आपल्याकडं येतेच कुठं?" स्वप्निल म्हणाला. "साडेसात, फार तर धा. पंधराची एकच आली ती गावच्या टाकीची. ती तर दादांनी..."

तो बोलता बोलता थांबला, कारण आईचा चेहरा बदलला होता.

बाहेर दुकानात, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर, एक फोटो होता. आठ वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताकदिनाचा. गावच्या पाणीपुरवठ्याची पंधरा हॉर्सपॉवरची मोटार जळाली, गाव टँकरवर आलं, आणि संतराम मिस्त्रींनी दोन दिवसांत ती बांधून दिली. वार्निश वाळायला ऊन नव्हतं म्हणून हळदीच्या भट्टीच्या उबेला ठेवली, ही युक्ती तर लोक अजून सांगत. सरपंच अनुसयाबाईंनी ध्वजासमोर शाल-नारळ दिला. फोटोत मिस्त्री झेंड्यापेक्षा ताठ उभे होते.

"ती हिनं बांधली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय?" सेवा भिंतीपासून पुढे सरकली.

"ही बांधून राहिली व्हती आन हे बाजूला बसले व्हते. डोळ्याला काय दिसत नव्हतं तवा यांच्या. कुणाला सांगू नका म्हनले. म्या न्हाई सांगितलं."

स्वप्निल बायकोकडे बघत राहिला. त्या साली तो पुण्यात कारखान्यात होता. गावी आल्यावर त्यानंसुद्धा त्या फोटोसमोर उभं राहून मित्रांना पेढे वाटले होते. "मला बी न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलंच न्हाई," करुणा म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

"म्हंजी दादांचा सत्कार खोटा म्हनायचा का?" सेवा उठून उभी राहिली. शाळेत असताना वडिलांच्या नावावर भांडणारी पोर होती ती. "गावाला जाऊन आता हे सांगायचं? या वयात? काही नको तो कागद. केंद्र गेलं तर गेलं!"

"आक्के, केंद्र तुझं जात न्हाई," स्वप्निल म्हणाला. सकाळपासून बहीणभाऊ एका बाजूला होते, ते आता फुटले. "आठ वर्षं ही गप बसली. आता बी हिनंच गप बसायचं का?"

"भांडू नका," करुणा म्हणाली. तिनं कातर खाली ठेवली, मांडीवरचे कागदाचे कपटे गोळा केले. "ताई बराबर म्हनतेत. मामाचं नाव हाय गावात, ते राहू द्या. मला मामानंच शिकवलं. फॉर्म पुढच्या साली भरू." आणि ती कपटे टाकायला म्हणून मागच्या दारानं निघून गेली.

बाकीचे बोलत राहिले. मिस्त्रींना काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर डब्यातल्या फोटोतले ते मिटलेले ओठ होते, आणि दुखत नसलेल्या दाताखाली धरलेली लवंग. त्यांना स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती, त्यामुळे ती नेमकी कुठे दुखते हे कळायला थोडा वेळ लागला.

"वैष्णे," ते उठले. "कागद घे. गाडी काढ."

"कुठं?"

"अनुसयाबाईकडं."

अनुसयाबाई आता सरपंच नव्हत्या, पण गावाला ते अजून समजलं नव्हतं. त्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीतून दाताळं फिरवत होत्या. मिस्त्रींना पाहून दाताळं टेकवलं, खाट दाखवली, आत चहा सांगितला. मिस्त्रींनी चहा यायच्या आतच सगळं बोलून टाकलं. थांबलो तर बोलणं व्हायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

अनुसयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हसल्या.

"मिस्त्री, सुनेवर लई जीव दिसतो तुमचा."

"म्हंजी?"

"म्हंजी तिला कागद मिळावा म्हून खोटं बोलून राहिले. मला काय कळत न्हाई का? त्या दोन दिवसांत म्या सोता चार डाव येऊन गेले दुकानात. तुमी पडद्याच्या भायेर आले न्हाई. जेवले बी आतच. ते काम करत नव्हते तर काय झोपले व्हते?"

"बॅटरी धरून बसलो व्हतो," मिस्त्री म्हणाले. "लाईट जाऊन येऊन व्हती. तिला खाचा दिसाव्या म्हून."

"सही मी कुठं बी करत न्हाई. कारकीर्दीत केली न्हाई, आता बी करनार न्हाई. ज्यानं काम केलं त्याच्याच नावावर करीन."

वैष्णवी कपाळावर हात मारून बसली. मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं त्यांनी शब्द टाकला आणि लोकांनी विश्वास ठेवला. आज पहिल्यांदा ते स्वतःविरुद्ध खरं बोलत होते, आणि ते कुणाला पटत नव्हतं. आठ वर्षं रोज पुसून ठेवलेला तो फोटोच त्यांच्या आड आला होता.

"मोटार उघडू," ते म्हणाले. "माझी बांधनी येगळी, तिची येगळी. मागचं झाकन काढलं की दिसन. चला टाकीवर."

घड्याळात साडेचार वाजले होते, नळाला पाणी सुटायची वेळ. पण अनुसयाबाईंना शहानिशा करायची संधी सोडवत नसे. त्यांनी फोन करून पंप बंद करायला सांगितला, पायात चप्पल सरकवली, आणि तिघंही टाकीकडे निघाले.

टाकीखालच्या खोलीत ती मोटार होती. हिरवा रंग उडालेला, वर धुळीचा थर, पण अंगात अजून ऊब. मिस्त्री तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. झाकणाला चार नट. पहिला निघाला. दुसऱ्याला पाना लावताना हात थरथरायला लागला, आणि पाना नटावरून सटकून दोनदा वाजला. वैष्णवी पुढे झाली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. बाहेर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया जमू लागल्या होत्या. पाणी काहून बंद केलं म्हणून एकजण तर दारातच उभी राहून ओरडत होती.

टाकीचा पंप बंद पडल्याची बातमी घरापर्यंत पोचली असावी, कारण तेवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला. स्वप्निलची गाडी पुरती थांबायच्या आत मागून करुणा उतरली होती. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात पदर, पायात चप्पल नाही. बायांतून वाट काढत ती आत आली. तिनं मिस्त्रींकडे पाहिलं नाही, अनुसयाबाईंकडे पाहिलं नाही. तिला दिसली ती फक्त मोटार आणि तिचा निघालेला नट.

"काय झालं?" ती म्हणाली. श्वास लागला होता. "माझी मोटार जळाली का?"

ती खाली बसली, मोटारीवर तळहात ठेवला, मग नाक जवळ नेऊन वास घेतला. मिस्त्री घेत तसाच, डोळे मिटून. "वास तर न्हाई येऊन राहिला," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिला सासऱ्यांच्या हातातला पाना दिसला आणि तिचा आवाज चढला. "मामा! चालती मोटार कुनी उघडत असतंय का? आत धूळ गेली म्हंजी? आठ वर्षं हात लावला न्हाई कुनी तिला! द्या तो पाना इकडं!"

एवढ्या वर्षांत या आवाजात ती मिस्त्रींशी कधी बोलली नव्हती. पण मिस्त्रींनी हा आवाज ऐकलेला होता. जलालुद्दीन उस्ताद असेच ओरडायचे. त्यांनी निमूटपणे पाना देऊन टाकला.

करुणानं नट जागेवर बसवला, पिळला, बोटानं चाचपला. मग जरा भानावर आली. दारातल्या बाया, सासरे, माजी सरपंच, सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला दिसलं, आणि आपण काय बोलून गेलो तेही आठवलं. तिनं चटकन पदर सावरला. "म्हंजी... मामानं बांधलेली..."

"राहू दे बाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "आता काय उघडायची गरज न्हाई." त्यांनी वैष्णवीपुढे हात केला. "आन तो कागद. पेन हाय का?"

मोटारीच्याच पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. मग मिस्त्रींकडे बघितलं. रागावल्या होत्या, पण ओठांच्या कडेला हसू होतं. "मिस्त्री, आन उद्या हिनं बांधलेली एखादी जळाली तर?"

दारातल्या बायांनी माना पुढे काढल्या. पाच-सहा घागरी, म्हणजे तीन गिऱ्हाइकांपेक्षा जास्तच माणसं होती. मिस्त्री गुडघ्याला हात देत उठले.

"तर बदनामी माझी," ते म्हणाले.

करुणानं ते वाक्य घरात शंभरदा ऐकलं होतं. उस्ताद, वसमतचं दुकान, ती पक्कड, सगळं तिला पाठ होतं. ती पंपाच्या बटणाकडे वळली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिली. मग तिनं बटण दाबलं. मोटार एक हुंकार देऊन सुरू झाली आणि बाया नळाकडे पळाल्या.

मिस्त्रींनी कागद मागितला. मदतनीस या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली. हात कापत होता म्हणून ती नागमोडी आली, पण शब्द पुरता खोडला गेला. वर लिहिलं, मिस्त्री.

"आबा, खाडाखोड केली की बाजूला सही लागती," वैष्णवी हळूच म्हणाली. "न्हाई तर दाखला धरत न्हाईत."

"करतो की," ते म्हणाले, आणि एकेक अक्षर कोरत त्यांनी त्या रेघेशेजारी पूर्ण नाव लिहिलं. स्वप्निलनं बायकोच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, स्वतःची चप्पल काढून तिच्यापुढे सरकवली आणि गाडी सुरू करायला गेला.

फॉर्म सहाला बारा मिनिटं कमी असताना गेला. फोटो मिस्त्रींनीच बिस्किटाच्या डब्यातून काढून दिला. करुणानं डब्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "दात बरा हाय का आता?" मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा द्वारकाबाईंना काही कळलं नाही, पण करुणा पदर तोंडाला लावून हसली. सेवा अजून थोडी घुश्श्यात होती. तरी संध्याकाळी हळदीचं पोतं बांधताना ती वहिनीजवळ गेली आणि म्हणाली, "आमच्या घरची पाण्याची मोटार लई आवाज करून राहिली. परीक्षा झाली की ये. चार दिस राहायलाच ये." ही तिची माफी होती आणि करुणानं ती घेतली.

परीक्षा अजून महिनाभर लांब होती. कंपनीचं उत्तर त्याहून लांब. परीक्षा घेणारा कोण येईल, कसली मोटार पुढे ठेवील, काही माहीत नव्हतं. रात्री जेवताना मिस्त्रींनी जाहीर केलं की रोज सकाळी तासभर ते स्वतः परीक्षक होऊन उभे राहतील. हे ऐकून करुणाला खऱ्या परीक्षेपेक्षा याच परीक्षेची जास्त धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. फोटो भिंतीवर होता, तो काही कुणी काढला नाही. मिस्त्री खुर्चीत बसले होते, पक्कड मांडीवर. नरसीकडचा कुणी शेतकरी टेम्पोतून मोटार उतरवून घेऊन आला, ती पायरीवर टेकवली, घाम पुसला.

"मिस्त्री हायेत का?"

"बोला" हा शब्द मिस्त्रींच्या जिभेवर आलाच होता. तो त्यांनी गिळला. मोटारीचा वास घ्यायला वाकण्याचा मोहसुद्धा आवरला, आणि तो आवरणं त्यांना जास्त जड गेलं. त्यांनी हात लांब केला, हिरवा पडदा धरला आणि सरळ बाजूला ओढून खिळ्याला अडकवून टाकला. आत करुणा मान वर करून बघत होती.

"करुणा," त्यांनी हाक मारली, "भायेर ये. तुला इचारून राहिले."